घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण ५८ टक्केच आली; पेरावं की विकावं?

वाफसा:
वखराच्या दोन पाळ्या झाल्या, शेणखत पसरून झालं, पाभरीची डागडुजीही उरकली. राहिलंय ते बियाणं. तीन एकरांसाठी मागच्या हंगामातलं सोयाबीन राखून ठेवलंय, ३० किलोची चार पोती. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले आणि सहाव्या दिवशी उघडले. ५८ उगवलेले, २७ लिबलिबीत होऊन कुजलेले, १५ नुसते फुगून बसलेले. वरून दाणा स्वच्छ पिवळा आहे, किडीचं एक छिद्र नाही, खोलीत ओल नाही. मग उगवण गेली कुठे? बियाणं वाढवून हेच पेरता येईल, की विकून दुसरं बघावं? शंभर दाण्यांचं वजन १३ ग्रॅम भरतं.

काळीभोर:
एवढ्यावर पोती विकू नका. आधी चाचणी नीट झाली का ते बघू.

दाणे कुठून घेतले? पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर काढले असतील तर ती त्या मुठीची उगवण झाली, पोत्याची नाही. चारही पोती उघडा. प्रत्येकातून वरचा, मधला आणि तळाचा दाणा घ्या, कोपरापर्यंत हात जाऊ द्या. सगळं एका सुपात मिसळा आणि त्यातून न निवडता सरळ १०० दाणे मोजा. चांगले चांगले वेचायचा मोह होतोच, तो आवरा. असे शंभराचे तीन-चार गट लावून सरासरी काढा. एकाच गटात पाच-सहा दाण्यांचा फरक सहज पडतो.

दुसरं म्हणजे पाणी. गोणपाट भिजवून पिळायचं, इतकं की उचलल्यावर थेंब गळता कामा नये. सोयाबीनचा दाणा पाण्यात बुडून राहिला की त्याला हवा मिळत नाही आणि चांगलं बियाणंही कुजतं. तुमचे २७ लिबलिबीत दाणे बियाण्याच्या दोषाने गेले की जास्त पाण्याने, हे या चाचणीवरून सांगता येत नाही.

तिसरं मोजणीचं. कोंब दिसला म्हणजे उगवला असं धरू नका. मूळ सरळ आणि लांब, दोन्ही डाळिंब्या (दाण्याच्या दोन फाका) शाबूत, मधला शेंडा जागेवर, असाच दाणा मोजायचा. एक डाळिंबी तुटलेली, मूळ आखूड राहून तांबूस पडलेलं, शेंडाच नाही, असे दाणे गोणपाटात उगवलेले दिसतात पण मातीतून बहुतेक वर येत नाहीत.

माझं मत विचाराल तर सोयाबीनला गोणपाटापेक्षा माती बरी. पसरट क्रेटमध्ये चाळलेली ओलसर माती भरा, ३ सेंमी खोल १०० दाणे टोका, सावलीत ठेवा आणि आठव्या दिवशी मोजा. शेतात दिसणार आहे त्याच्या जवळचा आकडा मिळतो. शेजारी दुसरा क्रेट लावा आणि त्यातल्या दाण्यांना बुरशीनाशक चोळा, कार्बोक्सिन अधिक थायरम किलोला ३ ग्रॅम या हिशेबाने. दुसऱ्या क्रेटची उगवण आठ-दहाने वाढली तर दोष बुरशीचा आहे आणि तो बीजप्रक्रियेने बराचसा निघतो. दोन्ही सारखेच आले तर दाणा आतून दुखावलेला आहे. त्यावर कुठलंही औषध नाही.

तिफण:
बियाणं किती वाढवायचं याचा हिशेब मांडतो, कारण "एकरी ३० किलो" हे सगळे म्हणतात पण ते आलं कुठून ते कुणी सांगत नाही.

दोन ओळींत ४५ सेंमी, दोन रोपांत ५ सेंमी धरलं तर एकरात साधारण पावणेदोन लाख ते एक लाख ऐंशी हजार रोपं बसतात. शंभर दाणे १२ ग्रॅमचे असतील तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात. त्यांचे ७० टक्के म्हणजे पावणेदोन लाख. तीस किलोचा आकडा या दोन गोष्टींवर उभा आहे: उगवण ७० आणि दाणा १२ ग्रॅमचा. यातलं एक बदललं की किलो बदलले.

तुमचा दाणा १३ ग्रॅमचा, म्हणजे किलोत सुमारे ७,७०० दाणे. उगवण ७० असती तरी एकरी साडेबत्तीस किलो लागले असते. ५८ ला ३९ किलो लागतील, तीन एकरांना ११७. तुमच्याकडे १२० आहे. कागदावर बसतं, पण ज्या बियाण्याची चाचणीत उगवण कमी त्याचा जोमही कमी असतो. गोणपाटातले ५८ शेतात ५८ राहत नाहीत. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर पापडी धरली की कमजोर कोंबाची मान तिथेच मोडते. साठच्या खालचं बियाणं मी पेरायला सांगणार नाही, कितीही वाढवलं तरी.

आणि पाभर किंवा पेरणीयंत्र आधी मोजून घ्या. एकरात ४५ सेंमीवर ओळींची लांबी जवळजवळ ९,००० मीटर होते. ३९ किलो म्हणजे तीन लाख दाणे, मीटरला ३३. कडक जमिनीवर किंवा ताडपत्रीवर १० मीटर यंत्र ओढा आणि एका नळीखालचे दाणे मोजा. ३३० च्या आसपास यायला हवेत. प्रत्येक नळी वेगळी मोजा, एखादी निम्मंच टाकते आणि ते पेरणीनंतर आठ दिवसांनी कळतं.

वाफसा:
काळीभोर म्हणाले तसं केलं. चारही पोत्यांतला दाणा मिसळून मातीत लावला. बिनऔषधाच्या क्रेटमध्ये ६१, औषध लावलेल्यात ६३. म्हणजे बुरशी नाही. मग दाणा दुखावला कुठे? पोती तर हललीसुद्धा नाहीत.

खळ्यावरचा:
दाणा बहुतेक पोत्यात जायच्या आधीच दुखावला. खात्री करायची असेल तर घरी पाच-दहा मिनिटांत होते. अख्खे, स्वच्छ दिसणारे १०० दाणे साध्या पाण्यात टाका. दहा मिनिटांनी बघा. ज्यांच्या सालीला तडा आहे ते भराभर पाणी ओढून बाकीच्यांपेक्षा ठळक फुगलेले दिसतील. तडा इतका बारीक असतो की कोरड्या दाण्यावर तो डोळ्याला दिसत नाही. असे दाणे वीस-पंचवीस निघाले तर मळणीतच घात झालाय.

सोयाबीनची साल फार पातळ असते आणि कोंबाचं मूळ अगदी सालीखाली, डोळ्याच्या बाजूला असतं. हरभऱ्याला जो मार काहीच करत नाही तो सोयाबीनला लागतो. बियाण्याची मळणी मळणीयंत्राच्या ड्रमच्या मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर करायची, दाण्यात ओलावा १३ ते १५ टक्के असताना. प्रत्यक्षात होतं उलट. पीक आठ दिवस गंजीत वाळून कडकडीत झालेलं असतं आणि यंत्रवाल्याला पुढच्या शेतात जायची घाई असते. फेऱ्या कमी केल्या की पंखाही मंदावतो आणि भुसा दाण्यात येतो, म्हणून तो वेग वाढवूनच ठेवतो. भुसा आला तर येऊ द्या, नंतर उफणता येतो. फुटलेली साल परत शिवता येत नाही.

मळणी चालू असताना मूठभर दाणा हातात घेऊन १०० मोजा. त्यात दोन-तीनपेक्षा जास्त डाळ झालेली दिसली तर यंत्र थांबवून वेग उतरवा. एक फुटलेला दाणा दिसतो त्यामागे न दिसणारे तडे गेलेले कितीतरी असतात. तीन एकरांना सव्वाशे किलोच लागतं, तेवढं ताडपत्रीवर काठीने झोडपून काढलं तरी एका दिवसाचं काम आहे. बियाण्यासाठी मी तेच सांगेन.

त्यातही काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या भागातलं बियाण्याला घ्यायचंच नाही, ते आधीच वेगळं ठेवा. नंतरची हाताळणीही तितकीच. पोतं खांद्यावरून धाडकन टाकलं, त्यावर कुणी बसलं, ट्रॉलीत त्यावर खताच्या गोण्या रचल्या, प्रत्येक वेळी दोन-चार टक्के गेले असं समजा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आल्यावरच तागाच्या पोत्यात भरा, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, एकावर एक चार-पाचपेक्षा जास्त नकोत. खोलीत खतं ठेवू नका, ती ओल ओढतात. या बियाण्यात पाचवा हिस्सा तेल असतं, ते जुनं होत गेलं की जोम उतरतो. म्हणून एका हंगामापुढे ठेवून पेरायचं नाही.

वाफसा:
पाण्यातली चाचणी केली. १०० पैकी २४ फुगले. मळणीच.

काळीभोर:
मग आता यातून जेवढं वाचतंय तेवढं वाचवा. चाळून डाळ, बारीक आणि सुरकुतलेले दाणे काढा. साल निघालेले, डाग पडलेले हाताने वेचा. घरातल्या सगळ्यांनी बसलं तर चार पोत्यांना दोन दिवस पुरतात. न दिसणारे तडे यात निघणार नाहीत, तरी आकडा थोडा वर येतो. पुन्हा मातीत लावून बघा. ६५ च्या पुढे आलं तर साधारण ३५ किलो एकरी धरून दोन एकर याच बियाण्यावर करा आणि तिसऱ्याला दुसरं आणा. ६१ वरच अडलं तर सगळंच नवीन आणा, आणलेल्याचीही उगवण तपासा.

उगवण वाढावी म्हणून बियाणं पाण्यात भिजवू नका. हरभऱ्याला चालतं, सोयाबीनची साल सुटून येते. बुरशीनाशक लावतानाही पाणी किलोला ५ मिलीच्या वर नको, आणि औषध चोळायचा ड्रम हळू फिरवा. आधी बुरशीनाशक. रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारं जिवाणू खत) शेवटी, पेरणीच्या दिवशीच, १० किलोला २५० ग्रॅम, पाकिटावर सोयाबीनचंच लिहिलेलं असू द्या. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमीन वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही अशी) आली की ३ ते ४ सेंमी खोल पेरा, पाचाच्या खाली जाऊ देऊ नका.

वाफसा:
आज चाळायला घेतोय. एक शेवटचं. चारही पोत्यांना एकदमच औषध लावून ठेवलं तर पेरणीला वेळ वाचेल का?

तिफण:
नका. किती पेरायचं ते नव्या चाचणीनंतर ठरणार आहे. औषध लावलेला दाणा उरला तर तो बाजारात देता येत नाही, गिरणीला नाही, जनावरांनाही नाही, आणि रिकामं झालेलं पोतंसुद्धा धान्याला वापरता येत नाही. पेरायचं नक्की झालेलं तेवढंच वेगळं काढून त्याला लावा, बाकीचं कोरडं ठेवा.