आईवडिलांची प्रश्नावली आणि मुलाचा घास

मूल नवे पदार्थ चाखायला का-कू करतं, हे पालकांकडून प्रश्नावली भरून घेऊन मोजता येईल का, या प्रश्नात थोडी भर. प्लायनर आणि हॉब्डेन या मानसशास्त्रज्ञांची, नव्या पदार्थांबद्दलची नाखुशी मोजणारी १९९२ सालची मूळ मापनपट्टी १० विधानांची होती, तीही प्रौढांसाठी. १९९४ मध्ये प्लायनर यांनी तिचं मुलांसाठीचं रूप केलं. ते पालक भरतात. दोन-तीन वर्षांचं मूल स्वतः काय भरणार! पण घोळ इथेच होतो. पालक आठवणीवरून उत्तरं देतात, आणि ज्या घरात ताटात नवं काही येतच नाही, तिथे मुलाची नाखुशी कळणार कशी?

म्हणून मला प्रत्यक्ष चाचणी जास्त पटते. अनोळखी पदार्थाचा छोटा घास समोर ठेवायचा आणि मूल नुसतं बघतं, हात लावतं, हुंगतं, ओठाला लावतं, थुंकतं की गिळतं, हे टप्प्याटप्प्याने नोंदवायचं. नुसतं ‘खाल्लं नाही’ असं लिहिलं, तर ओठांपर्यंत पोचलेला चमचा हिशेबातच येत नाही. त्या वयात ती केवढी मोठी मजल असते! ओळखीचा पदार्थ नाकारणं हा चोखंदळपणा. तो वेगळा मोजावा. आणि चाचणीआधी मूल शेवटचं कधी जेवलं, हे जरूर लिहून ठेवा.