मदत हवी आहे : मनगटाच्या दुखापतीनंतर मुलीचा जिम्नॅस्टिक्सचा सराव ‘हळूहळू’ कसा सुरू करावा?

नमस्कार. माझी मुलगी साडेअकरा वर्षांची असून वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाण्यात आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स शिकत आहे. गेल्या वर्षी तिचा सराव आठवड्याला पंधरा-सोळा तासांपर्यंत वाढला आणि त्याच वर्षात तिची उंचीही ७ सेंटिमीटरने वाढली. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की मनगटावर काय बेतू शकते, हे आम्हाला उशिरा कळले.

पहिली खूण सरावाच्या हॉलमध्ये नव्हे, तर घरात दिसली. आम्ही खाली बसून जेवतो. जेवून उठताना ती उजवा तळहात न टेकता मूठ टेकून उठू लागली. विचारले तेव्हा ‘अशीच सवय लागली’ असे उत्तर मिळाले आणि मीही ते मान्य केले. पंधरा दिवसांनी पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडायला ती बाटली धाकट्या भावाच्या हातात देऊ लागली, तेव्हा मात्र मी तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या किंचित वर दाबून पाहिले आणि ती कळवळली. दोन्ही हातांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावल्यावर उजव्या हाताच्या हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट, रुंदावलेली आणि कडांना अस्पष्ट झालेली मलाही दिसली.

डॉक्टरांनी जे समजावले ते असे : या खेळात हातांना पायांचे काम करावे लागते. हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे), राउंड-ऑफ आणि फ्लिक (हात टेकून घेतलेल्या कोलांट्या), व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारलेली उडी) या प्रत्येकात मागे वाकलेल्या मनगटावर शरीराचा भार येतो आणि उडीच्या वेगामुळे तो नुसत्या वजनापेक्षाही वाढतो. वाढत्या वयात ग्रोथ प्लेट हाच हाडाचा सर्वांत नाजूक भाग असतो. तेथे रोजचा ताण साचत राहिला आणि आपण दुर्लक्ष केले, तर अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची वाढ वेळेआधी थांबू शकते. करंगळीच्या बाजूचे हाड मात्र वाढत राहते आणि मनगटाचे दुखणे कायमचे मागे लागू शकते. हे ऐकल्यापासून स्पर्धा, पदके, शाळेतले कौतुक या सगळ्यांपेक्षा त्या दोन हाडांची लांबी मला मोलाची वाटू लागली आहे.

आठ आठवडे हातावर भार पूर्ण बंद होता. पहिले चार आठवडे मनगट स्थिर ठेवणारी स्प्लिंटही होती. या काळात ती हॉलवर जात राहिली आणि पाय, पोट, लवचीकता व बीमवरील, म्हणजे अरुंद पट्टीवरील, चालण्याचा सराव करत राहिली. तिला घरी बसवू नये हा तिच्या प्रशिक्षक ताईंचाच आग्रह होता आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आता दाबल्यावर दुखत नाही, नव्या एक्स-रेमध्ये सुधारणा आहे आणि डॉक्टरांनी ‘हळूहळू सुरू करा’ असे सांगितले आहे.

माझा प्रश्न या ‘हळूहळू’चा आहे. ताईंच्या मते त्याचा अर्थ दोन-तीन आठवडे असा होतो, कारण १४ वर्षांखालील गटाच्या शालेय जिल्हा स्पर्धा जवळ आल्या आहेत. सासूबाईंच्या मते त्याचा अर्थ ‘पुढच्या वर्षी पाहू’ असा होतो. मुलीला तर तो शब्दच ऐकू आलेला नाही; तिने फक्त ‘सुरू करा’ एवढेच ऐकले आहे. ती मला जिम्नॅस्ट दीपा कर्माकर यांचे उदाहरण देते : एप्रिल २०१७ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानातील मेर्सिन येथे व्हॉल्टचे सुवर्णपदक. मी तिला उरलेली हकीकतही सांगितली. मधे एक वर्षाहून अधिक काळ गेला होता, त्या तेव्हा २४ वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली होती, आणि तरीही पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत गुडघ्याने पुन्हा त्रास दिला. तिने ऐकून घेतले. पटले की नाही, ते सांगता येत नाही.

हातावर भार देण्याचा क्रम कसा असावा, एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जाण्याची वेळ कशी ठरवावी आणि मनगटाला लावायचे गार्ड खरोखर उपयोगी पडतात का, हे या अनुभवातून गेलेल्या पालकांनी किंवा प्रशिक्षकांनी कृपया सांगावे. पण सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. माझी मुलगी दुखणे लपवते. तिने ते दोन महिने लपवले होते, हे तिनेच नंतर रडत सांगितले. जिचा ‘दुखत नाही’ हा शब्द प्रमाण मानता येत नाही, तिचा सराव आईने कशाच्या आधारावर वाढू द्यावा?

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट असून लहानपणी स्वतः हा खेळ खेळले आहे. तपासल्याशिवाय वेळापत्रक देणे योग्य नाही, त्यामुळे पुढील क्रम तुमच्या डॉक्टरांना आणि प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टना दाखवूनच वापरावा.

आठवडे मोजण्याऐवजी पायऱ्या मोजाव्यात. सुरुवातीला दोन्ही मनगटे सारखी मागे वाकतात का आणि दोन्ही मुठींची पकड सारखी आहे का, ते पाहावे. त्यानंतर उभ्याने भिंतीवर हात टेकून ढकलणे, मग गुडघे व हात टेकून वजन पुढे-मागे झुलवणे, मग प्लँक, तोही आधी मुठींवर आणि नंतर तळहातावर. हँडस्टँड प्रथम पॅरलेटवर, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या छोट्या दांड्यांवर, करावा, कारण दांडी पकडल्यावर मनगट सरळ राहते. त्यानंतर भिंतीच्या आधाराने जमिनीवर, दहा-दहा सेकंद. कार्टव्हील, म्हणजे हात टेकून बाजूला घेतलेली कोलांटी, त्याच्या पुढे येते. राउंड-ऑफ आणि फ्लिक आधी मऊ मॅटवर करावेत आणि व्हॉल्ट सर्वांत शेवटी. बारवर लोंबकळताना मनगट दाबले न जाता ताणले जाते, त्यामुळे डॉक्टरांची परवानगी असेल तर तो सराव पुष्कळदा लवकर सुरू करता येतो आणि मुलांचे मनही त्यात रमते.

आरंभी हातावर भार एक दिवसाआड द्यावा. सराव करताना, त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अशा तिन्ही वेळा दुखणे नसेल तरच पुढची पायरी. दुखले तर एक पायरी मागे यावे, आणि तेथेही दुखत राहिले तर डॉक्टरांकडे जावे. हात किती वेळा टेकला याची मोजणी ठेवावी, कारण ‘थोडासा सराव’ म्हणता म्हणता एका तासात शंभर टेकण्या होऊन जातात. गार्डमुळे मनगट टोकापर्यंत वाकत नाही, एवढा त्याचा उपयोग आहे. पायरी गाळण्याचा तो परवाना नव्हे. सरावापूर्वी वेदनाशामक गोळी मात्र कधीही देऊ नये, कारण आपल्याला जी सूचना हवी आहे तीच ती दाबून टाकते. दर महिन्याला उंची मोजावी आणि ती वेगाने वाढत असेल त्या महिन्यात भार वाढवू नये.

लपवण्याबद्दल माझा अनुभव असा, की मूल दुखण्याला घाबरून लपवत नाही, तर हॉल बंद होईल या भीतीने लपवते. म्हणून आधी ताईंना शेजारी बसवून तिला वचन द्यावे, की दुखते असे सांगितल्याने हॉल बंद होणार नाही, फक्त त्या दिवशीचा व्यायाम बदलेल. ‘दुखते का?’ असे विचारू नये. शून्य ते दहामधील आकडा मागावा आणि तो तिच्याच हाताने लिहून घ्यावा. आणि तुम्ही मूठ पाहिली होती, तशीच पुढेही पाहत राहावे. त्या नजरेवर विश्वास ठेवावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. तुमचा क्रम आमच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी बारवर लोंबकळणे आणखी दोन आठवडे पुढे ढकलले आणि बाकीचे मान्य केले. ताईंशीही सविस्तर बोलणे झाले. जिल्हा स्पर्धेच्या यादीतून या वर्षी तिचे नाव काढायचे ठरले. ताईंना ते सोपे गेले नाही, पण वचन देताना त्या स्वतः तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि आपल्या लहानपणी लपवलेल्या घोट्याच्या दुखापतीबद्दल तिला सांगितले. ती गोष्ट मीही प्रथमच ऐकली.

दुखण्याचे आकडे लिहिण्याची वही सुरू होऊन नऊ दिवस झाले आहेत. भिंतीचा टप्पा विनात्रास पार पडला. परवा तिने गुडघे टेकून वजन झुलवण्याचा व्यायाम केला आणि संध्याकाळच्या रकान्यात शून्य लिहिले. काल सकाळी मी डबा भरत असताना ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली. सकाळच्या रकान्यात तिने ‘२’ लिहिले होते. आम्ही पुन्हा भिंतीवर आलो आहोत.