डोक्याला मार लागला, पडून राहायचं की चालायचं?

आर्याची आई: महिन्यापूर्वी सरावात लेकीच्या हेल्मेटवर सीझन बॉल आदळला. ती पडली नाही, पण गाडीत "बाबांना फोन केलास का?" हे तीनदा विचारलं. सीटी स्कॅन नॉर्मल. घरी आम्ही पडदे ओढले आणि आठवडाभर तिला अंधारात झोपवून ठेवलं. आता वाटतं, चुकलं. 2015 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्या मुलांचा त्रास, एक-दोन दिवसांनी हळूहळू उठलेल्यांपेक्षा जास्त निघाला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या डॉक्टर जॉन लेडींनी डोक्याला मार लागलेल्या 103 किशोरवयीन खेळाडूंना तपासलं. दुखणं वाढणार नाही इतपत व्यायाम केलेले साधारण 13 दिवसांत सावरले, नुसतं स्ट्रेचिंग केलेले 17. तरी आपल्याकडे अजून "पडून राहा" हेच का सांगतात?

कबड्डीचा कोच: ताई, चार दिवसांच्या फरकासाठी धोका कशाला? तिथे ट्रेडमिल, छातीला ठोके मोजणारा पट्टा, समोर डॉक्टर. इथे "चाललं तर बरं" म्हटलं की पोरगं संध्याकाळी चढाईला उतरतं. लॉर्ड्सवर 2019 च्या कसोटीत इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीत पास झाला, परत फलंदाजीला आला. त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला, मग लाबुशेन बदली आला. एवढे डॉक्टर असूनही!

आर्याची आई: दादा, चालणं वेगळं, खेळणं वेगळं. मार लागला त्या दिवशी मैदानात परत जायचंच नाही, हे मलाही मान्य आहे. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग अंगणात फेऱ्या. डोकं ठणकायला लागलं की थांबायचं.

फिजिओ, नाशिक: दोघांनाही एक विचारते. हे अभ्यास धडधाकट पोरांवरचे. माझ्याकडे स्कूटीवरून पडलेल्या चाळिशीच्या बाया येतात. त्यांना आराम कुठला? तिसऱ्या दिवशी ओट्याशी उभ्या, भाजी चिरताना घेरी येते. कधी दुखणं मानेचं असतं, कधी तोल गेलेला असतो. नुसतं चालून ते जात नाही, मानेचे आणि तोलाचे व्यायाम वेगळे द्यावे लागतात.

कबड्डीचा कोच: हे पटलं. चालायला माझी ना नाही. पण डॉक्टरची चिठ्ठी हातात पडेपर्यंत पोराला मॅटवर घेणार नाही, मग फायनल असली तरी.