मदत हवी आहे: सात महिन्यांच्या गाडीतले कूलंट घटते आणि घाटात इंजिन तापते, पण गळती सापडत नाही

नमस्कार मंडळी,

गेल्या दसऱ्याला घेतलेल्या आमच्या पेट्रोल गाडीचे आजवर ८,६०० किलोमीटर झाले आहेत आणि एवढ्यातच कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत तीन वेळा भर घालावी लागली आहे. सर्व्हिस सेंटरचे उत्तर तिन्ही वेळा सारखेच होते: उन्हाळ्यात थोडे कूलंट उडतेच, भर घाला आणि गाडी चालवा. हे उत्तर मला पटत नाही. कूलंटची व्यवस्था बंदिस्त असते, त्यामुळे ते कमी झाले तर कुठून तरी बाहेर पडले असले पाहिजे किंवा इंजिनाच्या आत जळले असले पाहिजे. नव्या गाडीत सुरुवातीला अडकलेली हवा निघून पातळी एकदा खाली येते हे मला मान्य आहे, पण तीन वेळा?

आधी घडलेला प्रसंग सांगते. आम्ही वाईला राहतो आणि आईच्या डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी दर महिन्याला पुण्याला जावे लागते. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, परतताना मात्र घाट चढावा लागतो. एप्रिलच्या अखेरीस दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही एका लादलेल्या ट्रेलरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढत होतो आणि एसी चालू होता. आमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही. थंड इंजिनासाठी निळा आणि तापलेल्यासाठी लाल, असे दोनच दिवे आहेत. लाल दिवा लागल्यावर लगेच थांबायला हवे होते हे मला कळते, परंतु त्या वळणावर कडेला जागा नव्हती आणि मागे ट्रकची रांग होती, म्हणून साधारण दीड किलोमीटर पुढे जाऊन गाडी उभी केली. मधल्या वेळात एसी बंद करून, इंजिनाची उष्णता बाहेर पडावी म्हणून हीटर पूर्ण सोडला, तर त्यातून गार हवा आली. हीटरपर्यंत गरम कूलंट पोहोचतच नव्हते, हा त्याचा अर्थ मला नंतर समजला. बोनेटच्या कडेने वाफ येत होती. तासभर थांबून, टाकी हाताला गार लागल्यावरच झाकण उघडले, जवळचे एक लिटर बाटलीबंद पाणी ओतले आणि सुरूर फाट्यावरून हळूहळू घरी आलो. आई मागे बसून सारखी विचारत होती, की गाडी पेट तर घेणार नाही ना.

त्या दिवसापासून मी वहीत नोंदी ठेवते आहे. रोज सकाळी गार इंजिनावर टाकीवरची पातळी पाहते आणि टाकीला लावलेल्या कागदी पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारते. वाई आणि आसपासच्या गावांत मिळून ४०० किलोमीटर झाले तरी रेघ जागची हलली नाही. पुण्याची एक फेरी, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर झाले, की पातळी दोन बोटे उतरते. भर घालताना मापाने मोजले तेव्हा ३५० मिलिलिटर गेले. दोन रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, पण त्यावर एकही थेंब पडला नाही. एसीचे पाणी दिवसा पडते, मात्र ते स्वच्छ आणि वासहीन असते. कूलंटचा गुलाबी रंग आणि गोडसर वास त्याला नाही. गाडीतल्या पायपुसण्या कोरड्या आहेत आणि पुढच्या काचेवर चिकट धुके धरत नाही, म्हणून हीटरच्या आतली गळती मी सध्या बाजूला ठेवली आहे. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ आहे, ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नाही, म्हणजे कूलंट इंजिनाच्या आत शिरत असल्याची खूण दिसत नाही.

एका ओळखीच्या मेकॅनिकने लॅपटॉपला जोडायचे एक छोटे यंत्र दिले होते, त्यावर खरे तापमान वाचता आले. सपाट रस्त्यावर ते ९१ ते ९४ अंश राहते. पसरणीच्या घाटात एसी लावून पाचगणीपर्यंत चढले तेव्हा ते १०३ पर्यंत गेले, पंखा जोरात सुरू झाला आणि आकडा ९६ वर उतरला. यावरून थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि पंखा नीट काम करत असावेत असे मला वाटते. खंबाटकीत इंजिन तापले ते कूलंट आधीच कमी झाले असल्यामुळे. शिवाय झाकणामुळे व्यवस्थेत सुमारे १ बार जादा दाब टिकतो आणि त्या दाबाखाली निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) यांचे मिश्रण १२५ अंशांच्या पुढे उकळते. दाब निसटला तर तेच मिश्रण १०७ च्या आसपास उकळू लागते. म्हणजे बारीकशी गळतीसुद्धा घाटात महागात पडू शकते.

आता माझी अडचण सांगते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे झाकण उघडताना फुस्स आवाज आला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता असते असे सांगतात. मी तीन सकाळी पाहिले, अजिबात आवाज आला नाही. यावरून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली सील) शाबूत आहे असे धरावे, की बाहेरच्या गळतीतूनच रात्रीत दाब निघून जातो आहे म्हणून आवाज येत नाही? मला दुसरी शक्यता नाकारता येत नाही. सर्व्हिस सेंटरने केलेली दाबाची चाचणी गरम इंजिनावर जेमतेम पाच मिनिटे चालली आणि जॉब कार्डवर फक्त ‘ओके’ लिहिले गेले. ही चाचणी गार इंजिनावर किती वेळ ठेवावी आणि किती दाब उतरला तर गळती मानावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

भर, चार दिवसांनंतर:

खाली ज्यांनी इंजिनाखालचे प्लास्टिकचे आच्छादन काढून पाहायला सांगितले त्यांचे मनापासून आभार. काल साताऱ्याच्या एका गॅरेजमध्ये गार इंजिनाला हातपंपाने १.१ बार दाब देऊन पंचवीस मिनिटे ठेवले आणि काटा ०.८ वर आला. आच्छादनाचे बोल्ट काढून ते तिरपे करताच आतल्या खोबणीतून वाटीभर गुलाबी पाणी खाली आले. पुठ्ठा कोरडा का राहत होता, हे तेव्हा कळले. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या घराच्या मागच्या बाजूला, जिथे बोटही नीट जात नाही, तिथे आरसा धरून पाहिले तर वाळलेल्या कूलंटचा फिकट गुलाबी खरवडा आणि त्याखाली ओली रेघ दिसली. ते पाणी आम्ही लगेच डब्यात भरून झाकून ठेवले, कारण ग्लायकॉल गोड लागते, विषारी असते आणि आळीतली कुत्री ते चाटू शकतात.

मी फोटो दाखवल्यावर सर्व्हिस सेंटरने तो भाग वॉरंटीत बदलून देण्याचे कबूल केले आहे. कूलंट पूर्ण काढून नवे भरायलाही ते तयार आहेत, कारण मी ओतलेल्या पाण्यामुळे मिश्रण पातळ झाले आहे. हेड तपासण्यास मात्र त्यांचा नकार आहे. लाल दिवा लागल्यावरही गाडी चालवली, त्यामुळे पुढचे नुकसान ग्राहकाचे, असे ते तोंडी म्हणतात. ॲल्युमिनियमचे हेड एकदा तापले की किंचित वाकू शकते आणि गॅस्केट काही महिन्यांनी दगा देऊ शकते, ही माझी खरी भीती आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते हे मला ठाऊक आहे, परंतु भांडणापेक्षा मला गाडी नीट झालेली हवी आहे.

तेव्हा दोन गोष्टी विचारते. निळा द्रव पिवळा होतो का हे पाहून कूलंटमधला जळलेला वायू ओळखण्याची जी चाचणी असते, ती हा भाग बदलण्याआधी करून घ्यावी, की बदलून घाटात एक फेरी मारल्यानंतर? आणि गाडी ताब्यात घेताना जॉब कार्डवर नेमकी कोणती वाक्ये लिहून घ्यावीत, म्हणजे सहा महिन्यांनी गॅस्केट गेलेच, तर त्याचे मूळ या गळतीत होते हे दाखवता येईल? आईची पुढची तारीख बारा दिवसांवर आहे, म्हणून त्याआधी उत्तर मिळाले तर फार मदत होईल.