विषय: ३१ डिसेंबर २०२५च्या आत कुठलं आयकर रिटर्न? (सोलापूरहून)

नमस्कार मंडळी,

सध्या जुळे सोलापुरात आईकडे आहे, नवीन वर्ष लागलं की परत निघेन. त्याआधी एक काम मार्गी लावायचंय.

मी अनिवासी भारतीय, इथल्या बँकेत माझ्या एनआरओ (अनिवासींच्या रुपयातल्या) ठेवी आहेत. व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस कापतात. भारतात बाकी काही उत्पन्न नाही. आर्थिक वर्ष २०२४-२५चं रिटर्न सप्टेंबरमध्ये भरलं. आता २६एएस (कापलेल्या कराचा तक्ता) उघडलं तर शेवटच्या तिमाहीचं व्याज आणि टीडीएस नव्याने दिसतोय. बँकेने तो उशिरा दाखवला.

२०२३-२४चं मात्र राहूनच गेलं. २०२४च्या जुलैपासून बाबा इस्पितळात होते, ऑक्टोबरमध्ये गेले. त्या वर्षीचं व्याज २,४०,००० आणि कापलेला कर ७४,८८०.

भावाचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत. त्याचंही २०२३-२४चं राहिलंय आणि त्याला व्याज धरून ४० हजारांच्या आसपास भरायचे निघतात. त्याचा हिशेबनीस म्हणतो, सगळ्यांचं आयटीआर-यू (अद्ययावत रिटर्न) भरून टाकू, हल्ली चार वर्षं मुदत आहे. काका, तुम्ही इतकी वर्षं सोलापुरात हीच कामं केलीत. भरू का?

*

ताई,

तुमचं आयटीआर-यू अजिबात भरू नका. भावाचं जरूर भरा, आणि लवकर भरा.

मुदत वाढल्यापासून जो तो आयटीआर-यू म्हणतोय. कलम १३९(८ए)चं हे अद्ययावत रिटर्न फक्त सरकारला जास्तीचा कर देण्यासाठी आहे. त्यातून परतावा मागता येत नाही, आधी मागितलेला वाढवता येत नाही, कर कमीही करता येत नाही. तुम्हाला पैसे घ्यायचेत, भावाला द्यायचेत. वर्ष एकच असलं तरी दोघांच्या वाटा वेगळ्या.

तुमचं २०२४-२५ सोपं आहे. कलम १३९(५)खाली सुधारित रिटर्न, ३१ डिसेंबर २०२५पर्यंत, विलंब शुल्क नाही. मूळ रिटर्नचा पोचक्रमांक आणि तारीख हाताशी ठेवा. नुसता टीडीएस राहिला असता तर कलम १५४ची दुरुस्ती चालली असती. तुमचं व्याजही राहिलंय, म्हणून सुधारितच हवं. परताव्यासाठी एनआरओ खातं पोर्टलवर आधी वैध करून घ्या.

आता २०२३-२४. उशिराच्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२४ला संपली. पुढे १५ जानेवारीपर्यंत वाढली खरी, पण ती फक्त निवासी व्यक्तींसाठी. तरीही ७४,८८० सोडू नका. तीन लाखांच्या आतलं उत्पन्न, त्यावर कर शून्य, म्हणजे ती सगळी रक्कम तुमची आहे. कलम ११९(२)(बी)खाली विलंब माफीचा अर्ज करा, पोर्टलवरूनच होतो. १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानुसार कर-निर्धारण वर्ष (२०२३-२४साठी ते २०२४-२५) संपल्यापासून पाच वर्षं मिळतात, म्हणजे तुम्हाला ३१ मार्च २०३०पर्यंत. एक कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय घेतात.

या अर्जात अडचण खरी होती हे दिसायला हवं. ‘कौटुंबिक कारण’ एवढंच लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही. बाबांचं इस्पितळातलं डिस्चार्ज कार्ड, बिलांवरच्या तारखा, मृत्यू दाखला, तुमच्या पासपोर्टवरचे त्या महिन्यांतले शिक्के, हे सगळं तारखेवार लावा. कागद आत्ता सोलापुरात आहेत तोवर स्कॅन करून घ्या, तिकडे गेल्यावर आईला कपाट धुंडाळायला लावू नका. उशिराच्या परताव्यावर व्याज मिळणार नाही, मुद्दल मिळेल. पॅन अजून सोलापूरच्या आयकर वॉर्डात असेल तर तो आंतरराष्ट्रीय कर विभागाकडे हलवून घ्या.

भावाचं: ३१ मार्च २०२६पर्यंत कर आणि व्याज मिळून जी रक्कम होईल तिच्यावर २५ टक्के जादा. ४० हजारांवर दहा हजार. एक एप्रिल उजाडला की ५० टक्के, म्हणजे वीस. पुढे ६०, मग ७०. चार वर्षं मुदत आहे म्हणून थांबायचं कशाला? जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी उरकून टाका. कलम २३४एफचं विलंब शुल्क वेगळं, आणि सगळं चलन आधी भरायचं. एका वर्षासाठी असं रिटर्न एकदाच भरता येतं, तेव्हा विक्रीचे आणि सुताच्या खरेदीचे आकडे नीट ताडून घ्या.

*

काका, मधेच विचारतो. माझं २०२४-२५चं रिटर्नच राहिलंय. होटगी रोडच्या फ्लॅटचं भाडं धरून उत्पन्न सात लाख, शेअर्समध्ये थोडा तोटा. जुनी करप्रणाली घ्यायची होती.

*

१६ सप्टेंबरला ती संधी गेली. उशिराच्या रिटर्नमध्ये नवीनच प्रणाली लागते, विम्याची वजावट नाही. शेअर्सचा तोटाही पुढच्या वर्षी ओढता येणार नाही. शुल्क पाच हजार. पाच लाखांच्या आत उत्पन्न असतं तर हजार. तरी कलम १३९(४)खाली ३१ डिसेंबरच्या आत भराच. नंतर तुम्हालाही आयटीआर-यूच उरेल. आणि भरल्यावर तीस दिवसांत पडताळणी करा. आधारचा मोबाइल बंद असेल तर नेटबँकिंगमधून करा, तेही जमत नसेल तर सही केलेली पोचपावती स्पीड पोस्टने बेंगळुरूला पाठवा.

*

काका, सुधारित रिटर्न काल रात्री भरलं, आधारच्या ओटीपीने पडताळणीही झाली. डिस्चार्ज कार्ड सापडलं. माफीचा अर्ज उद्या टाकते, मसुदा तुम्हाला वेगळा पाठवलाय. भाऊ सोमवारी चलन भरतोय.