२००९ ची ती सातवी मॅच: दमले म्हणून हरले नाहीत

आइस हॉकीतले डेट्रॉइट रेड विंग्ज २००९ च्या स्टॅन्ली कप फायनलची (NHL लीगच्या विजेतेपदाची) सातवी, निर्णायक मॅच पिट्सबर्ग पेंग्विन्सविरुद्ध दमल्यामुळे हरले हे मला अजिबात पटत नाही, दमलेली टीम तीनपैकी शेवटच्या पिरियडमध्ये समोरच्याला गोलवर फक्त १ शॉट मारू देते का हो? सगळं नुकसान दुसऱ्या पिरियडमध्ये झालं, डेट्रॉइटने स्वतःच्याच झोनमध्ये पक (खेळायची रबरी चकती) घालवला आणि पिट्सबर्गच्या टॅल्बोटने गोल केला, मग थोड्या वेळाने त्यानेच दुसराही. त्यांचा कॅप्टन क्रॉस्बी तर गुडघ्याला लागल्यामुळे नंतर जवळजवळ बाहेरच होता तरी पिट्सबर्ग टिकले, ते मानायलाच हवं. सहा मिनिटं राहिली असताना डेट्रॉइटच्या एरिकसनने २-१ केलं, मग क्रोनवॉलचा शॉट क्रॉसबारला लागला, बारला!! आणि अगदी शेवटच्या सेकंदांत लिडस्ट्रॉमचा शॉट पिट्सबर्गचा गोलकीपर फ्लरीने आडवं झेपावून अडवला. आधीच्या सहाही मॅच घरच्या टीमने जिंकल्या होत्या, म्हणून तर डेट्रॉइटच्या घरच्या जो लुई अरीनातला हा पराभव जास्त लागतो. डेट्रॉइटचा गोलकीपर ऑसगुडला दोष देऊ नका, मला तरी त्याच्यापेक्षा तो घालवलेला पक जास्त महागात पडला असं वाटतं.