मशीन बिघडलं की अमेरिकन काय म्हणतात? अनुभव लिहा

आपल्याकडे मिक्सरने मान टाकली, गाडी बोंबलली म्हटलं की समोरच्याला कळतं. तिकडे राहणाऱ्यांनी, आणि तिकडच्यांशी रात्रभर फोनवर डोकं लावणाऱ्यांनी पण, आपापले किस्से टाका.

न्यू जर्सी: बिल्डिंगच्या लाँड्रीत ड्रायरवर चिठ्ठी, 'ऑन द फ्रिट्झ'. ड्रम मस्त फिरतोय पण हवा गारच. शेजारच्या आजी म्हणाल्या मेला नाहीये गं तो, लहर आली की चालतो, दार जोरात आपट. आपटलं आणि तापला की! शब्द शंभर वर्षांहून जुना आहे पण हा फ्रिट्झ कोण ते कोशवाल्यांनाही धड माहीत नाही.

डेट्रॉइट: हायवेवर आधी ठणठण, मग धूर, मग खेळ खल्लास. टो करून नेली तर मेकॅनिकने टॉर्च मारून इंजिन ब्लॉकला पडलेलं भोक दाखवलं, मूठ जाईल एवढं, कडेने काळं ऑइल ओघळतंय, आणि म्हणाला 'थ्रू अ रॉड'. म्हणजे इंजिनातला पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड, तुटून ब्लॉक फोडून बाहेर. हे कुणी गमतीत बोलत नाही हां, ऐकलं की सरळ भंगारचा भाव विचारायचा.

ओहायो: नव्या कोऱ्या गाडीचा गिअर अडकायचा, शोरूमच्या खेपा घालून जीव मेटाकुटीला. ऑफिसातला एकजण म्हणाला 'यू गॉट अ लेमन'. लेमन म्हणजे मुळातच सदोष निघालेली गाडी. ही नुसती शिवी नाही, लेमन लॉ म्हणून कायदाच आहे, कनेक्टिकटने 1982 मध्ये केला, आता सगळ्या राज्यांत आहे. दर खेपेचा कागद जपून ठेवा, तोच पुरावा.

बॉस्टन: 'बग' म्हणजे मशीनमधला दोष हा शब्द खऱ्या किड्यावरून आला, हा किस्सा आता कोणीतरी टाकणारच म्हणून आधीच सांगतो. 1947 मध्ये हार्वर्ड मार्क टू या कॉम्प्युटरच्या रिलेत (विजेच्या स्विचमध्ये) पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरणारा किडा, सापडला, वहीत चिकटवला, ती वही स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे, सगळं खरं. पण एडिसनच्या 1878 च्या पत्रात बग हा शब्द दोष या अर्थाने आहेच, म्हणून तर त्या लोकांना पतंग सापडल्यावर गंमत वाटली!

पुणे, नाइट शिफ्ट: टेक्सासची बाई फोनवर तापलेली, 'प्रिंटर क्रॅप्ड आउट'. नवा पोरगा म्यूट करून विचारतो काय सांगू. म्हटलं क्रॅप्ड आउट म्हणजे बंद पडला म्हणतेय तर रीस्टार्ट करून बघू दे, 'इट्स टोस्ट' म्हणजे पार कामातून गेला म्हणाली तर मात्र आधी प्लग काढायला लाव, जळका वास येतोय का विचार.